नोकरी सोडल्यानंतरचं पहिलं रिटर्न: अठरा लाखांची बिलं आणि त्यावरचा कर

नोकरी सोडून कंत्राटावर काम सुरू केलं की पहिल्या वर्षी कराबाबत जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं मला तुकड्यातुकड्याने गोळा करावी लागली. ऐकीव सल्ले भरपूर मिळाले. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय होतं, हे कुणी एका जागी सांगितलेलं सापडलं नाही. माझं पहिलं वर्ष आता कागदोपत्री पूर्ण झालंय, जास्त कापल्या गेलेल्या कराचा परतावाही आलाय, म्हणून लिहून ठेवतेय. आकडे माझे आहेत, आर्थिक वर्ष २०२४-२५ चे. तुमचे वेगळे असणार. आपापल्या सीएला विचारल्याशिवाय माझ्या भरवशावर काही करू नका.

मी मेकॅनिकल डिझाइन इंजिनिअर, पुण्यात. बारा वर्षं नोकरी करून मार्च २०२४ मध्ये राजीनामा दिला. पगारदार माणूस कर भरत नाही, त्याचा कापला जातो. जानेवारीत गुंतवणुकीचे पुरावे अपलोड करायचे, जूनमध्ये फॉर्म १६ (कंपनीने कापलेल्या कराचा दाखला) यायचा, जुलैत आयटीआर-१ हा पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म भरायचा, संपलं. एवढ्या वर्षांत मी आयकराचं एकही कलम वाचलं नव्हतं, आणि वाचायची गरजही पडली नव्हती.

चाकणच्या एका कंपनीशी महिना १,४०,००० रुपयांवर बोलणं झालं. करारनाम्याचा मसुदा आला तो त्यांच्या एचआरच्या नेहमीच्या साच्यातला: कामाची वेळ नऊ ते सहा, वर्षाला अठरा रजा, दुसरीकडे काम करायला मनाई. सही करण्याआधी तो मैत्रिणीच्या ओळखीतल्या एका सीए मॅडमना दाखवला. त्यांनी दोन पानं वाचली आणि विचारलं, "हे कंत्राट आहे की नोकरी?"

मी म्हटलं, कंत्राटच आहे, वर तसं लिहिलंय.

"वर काय लिहिलंय ते सोडा. रजा मोजून देतायत, वेळ ठरवून देतायत, दुसरं काम करू देत नाहीत. उद्या कुणी अधिकाऱ्याने हा कागद पाहिला तर तो म्हणेल हा पगार आहे. मग व्यावसायिक म्हणून जे काही मिळतं ते सगळं गेलं."

कर वाचवण्याचा विचार बहुतेक लोक मार्चमध्ये करतात. माझ्या बाबतीत सगळ्यात मोठा निर्णय झाला तो वर्ष सुरू होतानाच, करारनाम्याच्या भाषेत. रजा आणि वेळेची कलमं काढून घेतली. त्याऐवजी कोणती ड्रॉइंग्ज कधी द्यायची ते लिहिलं, लॅपटॉप आणि कॅडचं (संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स माझं असेल असं लिहिलं, इतर ग्राहकांची कामं घ्यायची मुभा घेतली. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, हे तर होतंच. एचआरने कुरकुर केली, त्यांच्या लीगलकडे कागद पडून राहिला, आणि सही व्हायला एप्रिल उजाडला. काम मात्र १ एप्रिललाच सुरू झालं होतं. मधल्या दिवसांत रोज वाटायचं, उगाच अडून बसले की काय. आता विचाराल तर म्हणेन, इथे अडून बसाच.

एप्रिल गेला छोट्या छोट्या कामांत. सगळी बिलं एकाच खात्यात यावीत म्हणून एक वेगळं बचत खातं उघडलं. एकट्याने, स्वतःच्या नावाने काम करणाऱ्याला चालू खातंच लागतं असं काही नाही, पण घरखर्च आणि कामाचे पैसे एकत्र असले की वर्षअखेरीस डोकं धरायची वेळ येते. महाराष्ट्रात स्वतंत्र काम करणाऱ्याला व्यवसाय कर स्वतः भरावा लागतो. त्यासाठी महाजीएसटीच्या संकेतस्थळावर पीटीईसी नोंदणी केली. वर्षाचे २,५०० रुपये. काम सुरू झाल्यापासून तीस दिवसांत नोंदणी करायची असते आणि वेळेत नोंदणी झाली असेल तर पैसे ३० जूनपर्यंत भरायचे असतात. पगारातून महिन्याला दोनशे रुपये कापले जायचे तेच हे, आता आपल्या हाताने. कितीतरी फ्रीलान्सर मित्रांना ही नोंदणी असते हेच माहीत नव्हतं.

मे महिन्यात सीए मॅडमकडे नीट बसले. पहिल्या सल्ल्याचे त्यांनी २,००० घेतले, आणि रिटर्नचे ५,००० वेगळे असतील हे आधीच सांगून टाकलं. त्या बैठकीत मला कलम ४४एडीए कळलं, आणि या लेखातला निम्म्याहून अधिक जीव त्यातच आहे.

२०१६ च्या वित्त कायद्याने हे कलम आलं. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर आणि सरकारने अधिसूचित केलेले काही इतर व्यवसाय, ज्यात माहिती तंत्रज्ञानही येतं, यांच्यासाठी. वर्षाची एकूण जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीने आलेली रक्कम पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत), तर जमेच्या निम्मी रक्कम हेच तुमचं उत्पन्न असं गृहीत धरता येतं. उरलेली निम्मी रक्कम खर्चाची समजायची. खर्चाचे पुरावे जोडायचे नाहीत, हिशेबवह्या ठेवायची सक्ती नाही, ऑडिट नाही. यादीत नसलेला व्यवसाय असेल, उदाहरणार्थ मजूर पुरवणं किंवा माल बनवणं, तर त्यासाठी ४४एडी हे वेगळं कलम आहे आणि त्याचे टक्के वेगळे. तेव्हा आपण नेमके कशात बसतो हे आधी पाहावं. 'कॉन्ट्रॅक्टर' या एकाच शब्दाखाली दोन्ही प्रकारचे लोक येतात.

मॅडमनी कागदावर दोन स्तंभ आखले. मी सांगितलेले अंदाज असे होते: मुख्य कंपनीकडून वर्षाला १६,८०,००० आणि एका छोट्या ग्राहकाकडून साधारण १,२०,०००. एकूण १८ लाख. माझा खरा खर्च: कॅडचं वार्षिक लायसन्स १,१०,०००; सव्वा लाखाच्या आतबाहेरच्या लॅपटॉपवर चाळीस टक्क्यांनी घसारा (वस्तू जुनी होते तशी तिची घटणारी किंमत) ४८,०००; प्रवास ४२,०००; घरातल्या कामाच्या खोलीची वीज वगैरे २४,०००; इंटरनेट आणि फोन १८,०००; फी आणि किरकोळ ८,०००. बेरीज अडीच लाख.

खरा खर्च वजा करून, मुदत ठेवीचं २०,००० व्याज मिळवून उत्पन्न झालं १५,७०,०००. नव्या करप्रणालीत (दर कमी, पण गुंतवणुकीच्या बहुतेक वजावटी नाहीत) त्यावर उपकरासह कर १,६७,४४० (इथले आकडे जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात बदललेल्या दरांनी नंतर पुन्हा मांडलेले). ४४एडीएने उत्पन्न ९,००,००० अधिक तेच व्याज, म्हणजे ९,२०,०००. त्यावर कर ४३,६८०. फरक १,२३,७६० रुपयांचा.

मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी भीतीच वाटली. माझा खर्च अडीच लाख असताना मी नऊ लाख खर्च झाल्यासारखं कसं दाखवायचं? हे खोटं नाही का? मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या माणसाला करात सूट मिळाली की पहिल्यांदा नोटीसच डोळ्यांपुढे येते. मॅडमना हे नवीन नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही खर्च दाखवतच नाही आहात. फॉर्ममध्ये खर्चाचा रकानाच नाही. तुम्ही जमा पूर्ण दाखवताय, एक रुपयाही न लपवता. त्यातलं उत्पन्न किती धरायचं हे कायदा सांगतोय." कलमाचे शब्द त्यांनी वाचून दाखवले: जमेच्या पन्नास टक्के, किंवा त्याहून जास्त कमावल्याचं करदाता स्वतः सांगत असेल तर ती रक्कम. पन्नासपेक्षा कमी दाखवायचं असेल तर मात्र वह्या ठेवा, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही करून घ्या. सरकारचाही यात फायदा आहे, असं त्यांचं म्हणणं: छोट्या व्यावसायिकाकडून वह्या तपासत बसण्यापेक्षा त्याने जमा खरी सांगावी आणि निम्म्यावर कर भरून मोकळं व्हावं.

मला हे पटायला वेळ लागला. घरी येऊन ते कलम मी स्वतः इंग्रजीतून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग झोप लागली. तरीही खर्चाची बिलं मी फेकून देत नाही, एका फोल्डरमध्ये ठेवते. सक्ती नसली तरी उद्या ४४एडीएच्या बाहेर जावं लागलं तर आपला खरा खर्च किती हे आपल्याला माहीत असावं.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण दर मार्चमध्ये हा सल्ला फिरतो: "लॅपटॉप घेऊन टाक, टॅक्स वाचेल." ४४एडीए घेतलं असेल तर काही वाचत नाही. सगळा खर्च आणि घसारा त्या गृहीत निम्म्यातच आला. लॅपटॉप लागत असेल तर घ्या, कर वाचवायला घेऊ नका.

मग जुनी की नवी करप्रणाली हा प्रश्न. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू असते. पगारदार माणूस दरवर्षी हवी ती निवडू शकतो, आमच्यासारख्यांना ती मोकळीक नाही. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर जुनी प्रणाली निवडायला रिटर्नच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. त्यातून एकदा नव्या प्रणालीत परत आलात की व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. त्यामुळे हा हिशेब मी स्वतः मांडला. पीपीएफ आणि विमा मिळून ८०सी या कलमाच्या वजावटीचे दीड लाख, एनपीएस या पेन्शन योजनेचे ५० हजार, माझ्या आरोग्य विम्याचे २५ हजार, आईवडिलांच्या विम्याचे ३५ हजार. एकूण २,६०,००० वजा जाता ६,६०,००० वर जुन्या दराने कर येतो ४६,२८०. नव्या प्रणालीत काहीही न गुंतवता ४३,६८०. म्हणजे एनपीएसमध्ये साठ वर्षांपर्यंत पैसे अडकवून वर २,६०० रुपये जास्त भरायचे. नवी प्रणाली घेतली. पीपीएफ चालूच ठेवलंय, पण आता ते बचत म्हणून, करासाठी नाही. घरभाडं किंवा गृहकर्जाचं मोठं व्याज असणाऱ्यांचा हिशेब उलटाही येऊ शकतो.

जूनमध्ये पहिलं बिल जमा झालं. १,४०,००० चे १,२६,००० आले. कलम १९४जेखाली दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानेच आधी कापून आपल्या नावावर सरकारकडे भरलेला कर. हे माहीत असूनही बघताना टोचलं. वर्षभरात असे १,८०,००० कापले जाणार होते आणि माझा कर होणार होता त्याच्या पावभर. म्हणजे लाखावर रुपये वर्षभर सरकारकडे ठेव. एक फायदा एवढाच की अग्रिम कर, म्हणजे वर्ष संपण्याआधीच भरायचा कर, भरायची चिंता नव्हती. ज्यांचे ग्राहक परदेशी आहेत आणि टीडीएस कापत नाहीत, त्यांनी मात्र लक्षात ठेवावं: वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त होत असेल तर अग्रिम कर लागतो. ४४एडीएवाल्यांना इतरांसारखे चार हप्ते नाहीत, पूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत एकदाच भरायची. चुकलं की व्याज.

खरं तर टीडीएसपेक्षा जास्त त्रास उशिराचा होता. मे महिन्याचं बिल ऑगस्टमध्ये मिळालं. दरवेळी अकाउंट्सला फोन केला की "मॅडम, अप्रूव्हलला आहे" हेच उत्तर. सीए मॅडमनी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करायला सांगितली. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन घालून पंधरा मिनिटांत झाली, फुकट. शोधताना वर येणारी काही संकेतस्थळं याचेच हजार-दोन हजार घेतात, त्यांच्यापासून सावध. बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यावर फरक दिसला. कारण कलम ४३बी(एच): सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकतं केलं नाही, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. विनंतीने जे झालं नाही ते त्यांच्या स्वतःच्या कराच्या भीतीने झालं.

दर तिमाहीनंतर २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या टीडीएसचा आयकर खात्याकडचा उतारा, पाहायची सवय लावून घ्या. कापणारा टीडीएसचं विवरण भरतो ते ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि शेवटच्या तिमाहीचं ३१ मेपर्यंत. त्यानंतर थोड्या दिवसांनी आपल्या नावावर रक्कम दिसायला हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाहिलं तर छोट्या ग्राहकाने डिसेंबरच्या ६०,००० च्या बिलातून कापलेले ६,००० दिसेनात. त्यांच्या अकाउंटंटने पॅनमधलं एक अक्षर चुकवलं होतं. पैसे भरलेले, पण भलत्याच्याच खात्यात. मेल केला, बिलाची आणि बँकेच्या जमेची प्रत जोडली. उत्तर नाही. शेवटी ऑफिसात जाऊन समोर बसले तेव्हा दुरुस्ती विवरण भरायचं कबूल झालं, आणि नोंद दिसली थेट जूनमध्ये. कापलेल्या करासाठी आयकर खातं पुन्हा आपल्याकडे मागणी करू शकत नाही असं कलम २०५ म्हणतं, पण २६एएसमध्ये नोंद नसेल तर रिटर्न सुरळीत निघत नाही, हे वास्तव. मी हे जुलैत पाहिलं असतं तर सगळं तिथेच अडकलं असतं.

जानेवारीत आणखी एक काम चालून आलं, अडीच लाखांचं. ते घेतलं असतं तर वर्षाची जमा २० लाखांच्या वर गेली असती आणि जीएसटी नोंदणी लागली असती. मी घाबरून नाही म्हणायच्या बेतात होते. मॅडम म्हणाल्या, "तुमचे ग्राहक नोंदणीकृत आहेत, तुम्ही लावलेले अठरा टक्के त्यांना त्यांच्या जीएसटीतून वजा मिळतात. त्यांचं काही जात नाही. काम सोडू नका, फार तर महिन्याला दोन फॉर्म वाढतील." शेवटी त्या ग्राहकाचाच प्रकल्प पुढे ढकलला गेला, त्यामुळे त्या वर्षी प्रश्न आला नाही. पण जीएसटीच्या भीतीने काम नाकारणं शहाणपणाचं नाही, हे मलाही पटलंय.

फेब्रुवारी-मार्च हे सल्ल्यांचे दिवस. नात्यातल्या एकांनी सांगितलं, "अर्धी बिलं आईच्या नावाने काढ, तिला उत्पन्न नाहीच." दुसऱ्या ओळखीच्यांनी राजकीय पक्षाला देणगी दाखवून ती कमिशन कापून रोख परत मिळवून देणारा माणूस आहे असं सांगितलं, अगदी भाजीचा भाव सांगावा इतक्या सहजपणे. बिल आईच्या नावाचं आणि ड्रॉइंगवर सही माझी, हे टिकणार कसं? आणि देणगीची वजावट नव्या प्रणालीत मिळतच नाही, म्हणजे खोटं बोलूनही फायदा शून्य. पुढे जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांची देशभर झडती घेतली, तेव्हा त्या ओळखीच्यांनी विषय काढला नाही. मला मात्र कागदावरचा हिशेब आठवत होता: लपवाछपवी करून जे वाचलं असतं त्याहून जास्त मला सगळं उघड दाखवून मिळत होतं.

एक तोटा कुणीच सांगत नाही, तो मला त्याच सुमारास कळला. आम्ही मोठं घर बघत होतो. बँकेतल्या गृहकर्जाच्या माणसाने विचारलं, रिटर्नमध्ये उत्पन्न किती दिसेल? नऊ लाख म्हटल्यावर त्याने कर्जाची जी रक्कम सांगितली ती ऐकून आम्ही गप्प झालो. हातात येतात अठरा, कागदावर दिसतात नऊ. काही बँका एकूण जमेकडे बघतात, काही बघत नाहीत. शिवाय स्वतंत्र काम करणाऱ्याकडे किमान दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात. पुढच्या दोन वर्षांत मोठं कर्ज घ्यायचं असेल तर हे गणित करवजावटीच्या आधी मांडा. कलमानुसार पन्नासपेक्षा जास्त उत्पन्न जाहीर करायला कुणाची आडकाठी नाही. आम्ही घर पुढे ढकललं.

आता रिटर्न. २७ मे २०२५ ला जाहीर झालं की मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली, आणि पुढे अगदी शेवटी एक दिवस आणखी वाढली. मला थांबायचं नव्हतं. जूनच्या मध्यावर फॉर्म १६ए (ग्राहकांनी कापलेल्या टीडीएसचे दाखले) आले, २६एएसमध्ये ती सहा हजारांची नोंद दिसली, एआयएस (आपल्या वर्षभराच्या आर्थिक व्यवहारांची आयकर खात्याकडची यादी) डाउनलोड करून बँकेच्या उताऱ्याशी ओळ न् ओळ ताडून पाहिला. ८ जुलैला मॅडमच्या ऑफिसात बसून आयटीआर-४, म्हणजे सुगम, भरला. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून मोठा भांडवली नफा झाला असेल तर सुगम चालत नाही, आयटीआर-३ लागतो. माझं तसं काही नव्हतं.

अडलो एकाच जागी. मार्च २०२५ चं बिल एप्रिलमध्ये जमा झालं होतं. ते कोणत्या वर्षात धरायचं? कंपनीने टीडीएस मार्चमध्येच कापून दाखवला होता. बिलं निघाली त्या वर्षात जमा धरली की २६एएसशी आकडा जुळतो, म्हणून तसंच केलं, आणि दरवर्षी हीच पद्धत ठेवायची असं ठरवलं. एक वर्ष बिलाप्रमाणे आणि पुढचं वर्ष बँकेप्रमाणे असं करू नये. फॉर्ममध्ये ३१ मार्चची येणी, देणी आणि हातातली रोकडही विचारतात. मार्चचं बिल तिथे येण्यांत गेलं. रिटर्न पाठवल्यावर आधारच्या ओटीपीने तिथल्या तिथे पडताळणी केली. त्याला तीस दिवसांची मुदत असते, आणि ती चुकली तर रिटर्न वेळेत भरल्याचं धरत नाहीत. परताव्याचं बँक खातं पोर्टलवर आधीच पडताळून ठेवलं होतं.

मग नुसती वाट. जुलै गेला, ऑगस्ट गेला. पोर्टलवर 'प्रक्रियेत' एवढंच. ज्यांचे चार-पाच हजार यायचे होते त्यांचे आठवड्यात आले, आणि माझ्या मनात पुन्हा ती जुनी शंका: सव्वा लाखाच्या वरचा परतावा आहे, काहीतरी खटकलं असेल का? ११ सप्टेंबरला कलम १४३(१) खालची सूचना आली. दोन स्तंभ असतात, आपण भरलेला आकडा आणि खात्याने काढलेला आकडा. दोन्हीकडे ४३,६८०. परतावा १,३६,३२० आणि त्यावर महिना अर्धा टक्का दराने चार हजारांच्या आसपास व्याज. १७ सप्टेंबरला रक्कम जमा झाली. हे व्याज पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं असतं, ते मी लगेच वहीत लिहून ठेवलं.

त्यापुढच्या वर्षासाठी, म्हणजे २०२५-२६ साठी, नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पूर्ण सूट मिळाली. माझी जमा तेवढीच राहिली तर ४४एडीएने कर शून्य. तरी टीडीएस १,८०,००० कापलाच जाणार होता. म्हणून रिटर्न भरल्याबरोबर कलम १९७ खाली फॉर्म १३ भरला, कमी दराने टीडीएस कापण्याच्या प्रमाणपत्रासाठी. हा अर्ज ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएससाठीच्या संकेतस्थळावर केला. आधीच्या वर्षांची रिटर्न, चालू वर्षाचा अंदाज, करारनामा आणि ग्राहकाचा टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा क्रमांक) लागतो. अधिकाऱ्याने मध्ये एकदा अंदाजाचा तपशील मागितला, तो दिला, आणि ऑक्टोबरात प्रमाणपत्र आलं. त्यावर कोणत्या टॅनसाठी, किती रकमेपर्यंत आणि कोणत्या दराने हे छापलेलं असतं. आधी कापलेलं परत मिळत नाही, त्यासाठी रिटर्नच. प्रमाणपत्र त्या आर्थिक वर्षापुरतंच असतं, म्हणून त्यापुढच्या वर्षीचा अर्ज एप्रिलमध्येच करायचा असं मी ठरवलं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होतो आणि वर लिहिलेल्या कलमांचे क्रमांक बदलतात. तेव्हा हे त्यानंतर वाचत असाल तर सीएकडे क्रमांक घेऊन जाऊ नका, 'व्यावसायिकांचं पन्नास टक्के गृहीत उत्पन्न' आणि 'कमी टीडीएसचं प्रमाणपत्र' असं विचारा.